सपोर्टेड लिव्हिंगचं घर बघायला जाताना काय काय तपासावं? (इंग्लंड)

चाफा_रेडिंग
नमस्कार मंडळी. मुलगा 24 वर्षांचा. ऑटिझम, लर्निंग डिसॅबिलिटी, जोडीला एपिलेप्सी. बोलतो मोजकंच, तेही मराठी-इंग्रजी मिसळून. आजवर आमच्याजवळच आहे. आता माझे गुडघे आणि नवऱ्याचं बीपी दोन्ही कुरकुरायला लागलेत, म्हणून काउन्सिलच्या सोशल वर्करने सपोर्टेड लिव्हिंगचा (भाड्याच्या घरात राहायचं, मदतीला केअर स्टाफ) विषय काढला. तिघांचं घर आहे, एक खोली रिकामी झालीये. केअर देणाऱ्या कंपनीला सीक्यूसीचं (केअर सेवा तपासणारी इथली सरकारी संस्था) 'गुड' रेटिंग आहे, तेव्हा काळजी नको, असं तिचं म्हणणं. रिपोर्ट वाचला. सगळं छान छान लिहिलंय, पण त्या घराबद्दल मला काडीचं कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात बघायला जायचंय. काय बघू, काय विचारू? ज्यांची मुलं-भावंडं अशा घरांत आहेत किंवा जे या कामात आहेत, त्यांनी प्लीज सांगा. 'आपल्यात असं करत नाहीत, घरीच ठेवा' हा सल्ला सासरहून पोचलाय, तो परत नको.

नाईट_शिफ्ट
ताई, कळलं नाही कारण तो रिपोर्ट त्या घराचा नाहीच. मी या क्षेत्रात आहे, आधी सपोर्ट वर्कर, आता डेप्युटी मॅनेजर.

केअर होम असेल तर सीक्यूसी इमारत आणि केअर दोन्ही तपासते. सपोर्टेड लिव्हिंगमध्ये घर भाडेकरूचं, म्हणजे तुमच्या मुलाचं. सीक्यूसीच्या कक्षेत येते ती फक्त पर्सनल केअर: अंघोळ, शी-शू, कपडे, खाऊ-पिऊ घालणं अशी मदत. घरातल्या एखाद्याला नुसती बाजारहाट आणि बिलांपुरती मदत लागत असेल तर त्याची केअर त्या तपासणीत धरतच नाहीत. रजिस्ट्रेशन एका ऑफिसच्या नावावर असतं आणि त्याखाली शहरभर घरं पसरलेली असू शकतात. इन्स्पेक्टर त्यातल्या काहींतच जातात, तेही राहणाऱ्यांची परवानगी घेऊन, आणि बऱ्याचदा ऑफिसला आदल्या दिवशी कळवून. कारण लोक घरी सापडले तर पाहिजेत! हे चूक नाही, पण त्या 'गुड'चा अर्थ तेवढाच घ्यायचा.

तारीख बघा. काही रिपोर्ट कित्येक वर्षं जुने असतात. मग रजिस्टर्ड मॅनेजर तोच आहे का ते बघा. मॅनेजर बदलला की वर्षभरात घर वर येतं नाहीतर खाली जातं, मधलं फारसं होत नाही. रिपोर्टमध्ये 'सेफ' आणि 'वेल-लेड' ही दोनच प्रकरणं नीट वाचा. 'केअरिंग'मध्ये सगळेच पास होतात.

आता खरं ते. रोटा (कुणाची ड्यूटी कधी, तो तक्ता) मागा. पुढच्या आठवड्याचा नको, होऊन गेलेल्या चार आठवड्यांचा. पुढचा रोटा कागदावर कायम भरलेलाच असतो. झालेल्या रोटात दिसेल की शनिवार-रविवार संध्याकाळी कोण होतं आणि किती नावांपुढे नुसतं 'एजन्सी' (म्हणजे बाहेरून आणलेला तात्पुरता माणूस) लिहिलंय. नावं झाकून दाखवा म्हणा. अजिबातच टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तर समजा.

रात्री कोण असतं? स्लीप-इन की वेकिंग नाइट? स्लीप-इनवाला झोपलेला असतो, हाक मारली तर उठतो; वेकिंग नाइटवाला रात्रभर जागा. 2021 मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की झोपलेल्या तासांना किमान वेतन लागू नाही, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी रात्रीचे ठरावीक पौंड मिळतात आणि माणूस पहाटेपासून पुढच्या शिफ्टला उभा. तुमच्या मुलाला झोपेत फिट येत असेल तर हा प्रश्न सगळ्यात आधी. बेड सेन्सर आहे का, अलार्म कुणाच्या खोलीत वाजतो, पाच मिनिटांवर गेलेल्या फिटला द्यायचं औषध त्या रात्रीच्या माणसाला देता येतं का. 'स्टाफला ट्रेनिंग आहे' हे उत्तर घेऊ नका. 'या मंगळवारी रात्री जो होता, त्याला आहे का?' असं विचारा.

बाबा_लेस्टर
वरच्या प्रतिसादाला +100. माझी मुलगी बरीच वर्षं अशा घरात राहतेय, एकदा केअर कंपनी बदलून झाली. ती बदलता आली कारण भाडेकरार एका हाउसिंग असोसिएशनशी होता आणि केअरचा करार वेगळ्या कंपनीशी. कंपनी गेली, मुलगी त्याच खोलीत राहिली. ही दोन्ही टोकं एकाच्याच हातात असतील (कधी नावं वेगळी असतात आणि मालक एक), तर तक्रार करायची म्हणजे घर सोडायची तयारी ठेवायची. हा प्रश्न सोशल वर्करला लेखी विचारा.

दुसरं, तास. काउन्सिल आठवड्याचे इतके तास मंजूर करतं, त्यातले काही वन-टू-वन आणि काही शेअर्ड. आमच्याकडे वन-टू-वनचे तास कागदावर होते. प्रत्यक्षात एक बाई तिघांना घेऊन सुपरमार्केटात, आणि नोंदीत तिघांच्याही नावापुढे 'कम्युनिटी ॲक्सेस'. हे कुठल्याही इन्स्पेक्टरला एका भेटीत दिसणार नाही. सपोर्ट प्लॅनची प्रत घ्या आणि महिन्यातून एकदा डेली नोट्सशी ताडून बघा. मुलाच्या डेली नोट्स मागायला लाजू नका.

घरात गेल्यावर फ्रिज उघडून बघता येत नाही, ते इतरांचं घर आहे, पण 'चहा करू का मी?' म्हणून स्वयंपाकघरात शिरता येतं. कपाटांना कुलूप आहे का? असेल तर का आणि कुणासाठी? एकाच्या खाण्याच्या सवयीसाठी लावलेलं कुलूप तिघांच्या पोटावर बसतं. स्टाफ कुठे बसलाय? ऑफिसच्या खोलीत दार लावून, की सोफ्यावर पोरांशेजारी? आणि तिथे राहणारी माणसं. ती स्टाफकडे बघून बोलतात का, स्टाफच्या अंगाला अंग घासून जातात का, की स्टाफ आला की आक्रसतात. माझ्या लेखी हे शेवटचं बाकी सगळ्याच्या वर.

नाईट_शिफ्ट
तब्येतीचं राहिलं. 2012 मध्ये सफोकमधला रिचर्ड हॅंडली नावाचा 33 वर्षांचा तरुण गेला. डाउन सिंड्रोम होता, आयुष्यभर बद्धकोष्ठाचा त्रास. तो राहायचा ते ठिकाण रेसिडेन्शिअल होमचं सपोर्टेड लिव्हिंग झालं, आणि या बदलात त्याचं आहाराचं आणि पोट साफ राहतं की नाही ते बघण्याचं वळण सुटलं. 2018 च्या इन्क्वेस्टमध्ये (मृत्यूच्या कारणाची कोर्टातली चौकशी) सगळं बाहेर आलं. तेव्हा ताई, 'शी झाली की नाही हे कोण लिहितं आणि तीन दिवस झाली नाही तर कोण कुणाला फोन करतं?' हा प्रश्न मॅनेजरला नाही, ड्यूटीवरच्या साध्या वर्करला विचारा. चार सेकंदांत उत्तर आलं पाहिजे.

जीपीकडची (फॅमिली डॉक्टरकडची) वर्षाची हेल्थ चेक (लर्निंग डिसॅबिलिटीच्या यादीत नाव असेल तर 14 वर्षांपासून मिळते) कोण नेऊन करवतं तेही विचारा. आणि वागणुकीसाठीच्या गोळ्या: एनएचएसची 'स्टॉम्प' मोहीम 2016 पासून हेच सांगतेय की उगाच गोळ्यांनी गप्प करू नका. 'लागेल तेव्हा' लिहिलेली गोळी महिन्यात किती वेळा दिली जाते, याचा आकडा मॅनेजरकडे असतो.

तिरकस_टिप्पणी
एवढं विचारत बसण्यापेक्षा खोलीत कॅमेरा लावा, विषय संपला. व्हॉर्ल्टन हॉल आठवतंय ना, स्टाफच पेशंटना छळत होता ते? 2019 मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमाने छुपा कॅमेरा नेला म्हणून कळलं, आणि सीक्यूसीचं रेटिंग तेव्हा 'गुड'च होतं. 2011 चं विंटरबोर्न व्ह्यूही तसंच, तिथल्या एका माजी नर्सने आधी कळवलं होतं तरी सीक्यूसी हललं नव्हतं.

नाईट_शिफ्ट
ती दोन्ही हॉस्पिटलं होती, कुलूपबंद, गावाबाहेरची. घरात कॅमेरा लावायचा तर मुलाची संमती, ती देता येत नसेल तर मेंटल कपॅसिटी ॲक्टप्रमाणे त्याच्या हिताचा रीतसर निर्णय, शिवाय कपडे बदलताना काय? रेटिंगबद्दलचा तुमचा मुद्दा मान्य. कॅमेऱ्यापेक्षा येती-जाती माणसं जास्त कामाची: भाऊ, मावशी, जुना टीचर, देवळातलं कुणीतरी. वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी. ज्या घरात बाहेरच्यांचा राबता असतो तिथे गोष्टी फार दिवस लपत नाहीत.

पूर्वीची_नाशिककर
अवांतराबद्दल सॉरी. माझा भाऊ भारतात आहे, आई-बाबा थकलेत. तिकडे सीक्यूसीसारखं काही?

बाबा_लेस्टर
रेटिंग वगैरे नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे संस्थेची नोंदणी लागते आणि ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं, तेवढं आधी बघा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टच्या 1999 च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या लोकल लेव्हल कमिटीकडून पालकत्व घेता येतं, ते आई-बाबा हिंडते-फिरते आहेत तोवर उरका. बाकी वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

चाफा_रेडिंग
सगळ्यांचे आभार. जाऊन आलो. घर उबदार आहे. एक मुलगा दारातच माझा हात धरून आपली खोली दाखवायला घेऊन गेला. स्टाफमधली एक घानाची बाई तर मला आवडलीच, शीचा प्रश्न विचारल्यावर हसली आणि थेट चार्ट उघडून बसली. घरमालक आणि केअर कंपनी खरंच वेगळे आहेत.

पण रात्री स्लीप-इन आहे. वीकेंडला एजन्सी बरीच. आणि माझ्या मुलाचे तास 'बहुतांशी शेअर्ड' असं मॅनेजर सहज बोलून गेली. आता सोशल वर्कर म्हणतेय दोन आठवड्यांत हो म्हणा, नाहीतर खोली जाईल, आणि टेनन्सीवर मी सही करायची. करू?

बाबा_लेस्टर
सही नका करू! तुम्ही आई असलात तरी 24 वर्षांच्या मुलाच्या करारावर सही करायचा अधिकार आपोआप मिळत नाही. त्याला करार समजत नसेल तर कोर्टाने नेमलेला डेप्युटी लागतो किंवा कोर्ट ऑफ प्रोटेक्शनची (स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्यांसाठीचं कोर्ट) ऑर्डर. टेनन्सीपुरती ऑर्डर मिळते, सोशल वर्करला हे माहीत असायला हवं. शिवाय त्याच्यावर चोवीस तास लक्ष असणार आणि एकट्याला बाहेर जाऊ देणार नसतील तर त्यासाठीही काउन्सिलला कोर्टातच जावं लागतं. केअर होमसाठी असते ती डॉल्सची (कोर्टात न जाता मिळणाऱ्या परवानगीची) वाट इथे नाही.

नाईट_शिफ्ट
आणि रात्रीचं आत्ताच मिटवा, नंतर तास वाढवून घेणं म्हणजे दात उपटण्यासारखं. एपिलेप्सी नर्सकडून रात्रीच्या फिट्सबद्दल पत्र घ्या, वेकिंग नाइट का हवी ते तिच्या शब्दांत. ते जोडून केअर ॲक्टखालचं असेसमेंट (किती मदत लागते याची काउन्सिलची पाहणी) पुन्हा करा म्हणून ईमेल टाका. वन-टू-वन किती, शेअर्ड किती, आकडे लेखी मागा. खोली धरून ठेवायला सांगा आणि मधल्या काळात चहाच्या भेटी, मग जेवण, मग एक रात्र असं सुरू करा. पहिली रात्र रविवारची निवडा, एजन्सीचा माणूस असेल तेव्हाची.

मुलाचे शब्द कागदावर लिहून द्या, उच्चारासकट: 'दुखतंय', 'शू', 'नको', 'मम्मं'. फ्रिजवर लावतील. त्या घानावाल्या बाईला आधी द्या, ती बाकीच्यांना शिकवेल.

चाफा_रेडिंग
नर्सला आत्ताच मेल केला. कागद करायला बसलेय, 'अगंबाई' पण लिहू का? चिडला की तेच म्हणतो, माझी नक्कल.

नाईट_शिफ्ट
लिहा की. आणि पुढे लिहा, 'म्हणजे चिडलाय, पाच मिनिटं एकटं सोडा'.