क्रायो सरसकट सुरक्षित?

एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित धडधड) थांबवायला हृदयातला ठरावीक भाग निकामी करतात. त्यासाठी 'क्रायोबलून (फुग्याने गोठवणं) आरएफपेक्षा (रेडिओलहरींनी भाजणं) सरसकट सुरक्षित' हे या चर्चेत कुणीतरी मांडलेलं मत पटलं नाही. २०१६ च्या 'फायर अँड आइस' चाचणीत दोन्हींचं यश आणि एकूण सुरक्षितता जवळपास सारखीच निघाली. क्रायोला वेळ कमी लागला, पण एक्स-रे जास्त वापरावा लागला. शिवाय उजव्या फुप्फुसशिरांजवळची फ्रेनिक नस (श्वासपटल हलवणारा मज्जातंतू) गारठून श्वासपटल लुळं पडण्याचा धोका मुख्यतः क्रायोचाच. बहुतेकांचं ते पुढे पूर्ववत होतं म्हणा.

पल्स्ड फील्ड या तिसऱ्या पद्धतीचा विषय मात्र इथे कुणी काढलाच नाही. त्यात भाजणं-गोठवणं नाही. विजेच्या अगदी क्षणिक झटक्यांनी पेशींच्या आवरणाला छिद्रं पडतात. हृदयाचा स्नायू त्याला लवकर बळी पडतो, हृदयामागची अन्ननलिका बहुधा बचावते. पण झटके फार झाले तर तांबड्या पेशी फुटून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो.