मदत हवी आहे: नववीच्या मुलग्यांकडून सर्जनशील लेखन कसे करून घ्यावे?

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो आणि शनिवारी शाळा सुटल्यावर नववीच्या मुलग्यांसाठी लेखनाचा ऐच्छिक तास घेतो. दहावीच्या प्रश्नपत्रिकेतील उपयोजित लेखनामुळे कथालेखन, प्रसंगलेखन, आत्मकथन हे प्रकार त्यांना ठाऊक आहेत. परंतु गाइडमधला साचा इतका पक्का बसला आहे की पडका वाडा असो वा फाटके पुस्तक, प्रत्येकाचे मनोगत ‘अरे, इकडे तिकडे काय पाहतोस?’ यानेच सुरू होते.

हीच मुले कबड्डीच्या सामन्याची हकिकत सांगू लागली की पकड कुठे सुटली, पंचांनी शिट्टी केव्हा वाजवली, हे सारे डोळ्यांसमोर उभे करतात; कागदावर मात्र ‘सामना फार रंगतदार झाला’ एवढेच उरते. बोलीतले शब्द तर ती स्वतःच खोडून टाकतात. मला ही अडचण भाषेपेक्षा भिडेची अधिक वाटते, कारण कोणी मनातले काही लिहिलेच तर मागच्या बाकावरून टिंगल होते (आणि ती टिंगल, खरे सांगायचे तर, बहुधा निबंधांपेक्षा सरस असते).

‘किशोर’ मासिकातल्या कथा मी वाचून दाखवतो. त्या आवडतात, पण लेखणी हलत नाही.

या वयाच्या मुलांबरोबर काम केलेल्यांनी कृपया सांगावे: हकिकत आधी तोंडी सांगून घेऊन, तिचे ध्वनिमुद्रण त्यांच्याकडूनच उतरवून घेणे उपयोगी पडते का? लेखन निनावी वाचून दाखवावे, की मजकुरावरून ओळख पटून चेष्टा वाढते? आणि पहिल्या खर्ड्यात शुद्धलेखनाच्या चुका दाखवाव्यात का?