घाटात लागणारा चेक इंजिनचा दिवा आणि पी०४०५ कोड

प्रश्न

नमस्कार. माझी बीएस ४ मानकाची डिझेल गाडी २०१८ सालची असून तिचे १,१२,००० किलोमीटर झाले आहेत. आठवड्यातून दोनदा सातारा ते पुणे आणि परत असा प्रवास होतो. गेल्या महिन्यापासून पुण्याहून परतताना खंबाटकी घाट निम्मा चढून झाला की चेक इंजिनचा दिवा लागतो. पिकअप किंचित कमी वाटतो, पण काळा धूर नाही आणि ॲव्हरेजही घटलेले नाही. सकाळी पुण्याकडे जाताना, म्हणजे बोगद्यातून, दिवा एकदाही लागलेला नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा पी०४०५ हा कोड निघाला. तो दोनदा पुसला आणि दोन्ही वेळा पुढच्याच फेरीत परत आला. आता संपूर्ण ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप, बदलण्यास सांगितले आहे. एवढा खर्च करण्याआधी दोष व्हॉल्व्हमध्येच आहे, याची खात्री कशी करून घ्यावी? मध्ये पत्रा बसवून ईजीआर कायमचा बंद करा, असाही सल्ला एका परिचितांनी दिला आहे.

उत्तर १

एक लाख किलोमीटर झालेल्या डिझेल गाडीत ईजीआर व्हॉल्व्हवर काजळी साचतेच. माझ्या गाडीचा व्हॉल्व्ह काढला तेव्हा आत ओल्या डांबरासारखा थर होता आणि झडप निम्म्यावरच अडकत होती. कार्ब क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ केल्यावर दिवा गेला. तुम्हीही आधी तेच करून पाहावे.

उत्तर २

वरील सल्ला चांगला आहे, परंतु तो पी०४०१ या कोडला अधिक लागू पडतो. पी०४०१ म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी धूर परत फिरतो आहे. डिझेल गाडीत ईजीआर उघडला की बाहेरून येणारी हवा तेवढी कमी व्हायला हवी, आणि ती झाली की नाही हे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, बहुधा आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर मास सेन्सरच्या आकड्यावरून ताडून पाहतो. त्यामुळे तो सेन्सर मळला असला, तरी ठपका ईजीआरवर येऊ शकतो. पी०४०५ मात्र विजेच्या बाजूचा कोड आहे. झडप किती उघडली आहे हे सांगणाऱ्या सेन्सरचा व्होल्टेज नेमून दिलेल्या मर्यादेखाली गेला, एवढेच तो सांगतो. तो कशामुळे गेला, हे सांगत नाही.

तुमच्या प्रश्नातील घाटाचा उल्लेख मला फार महत्त्वाचा वाटतो. इंजिनवर पूर्ण भार असताना त्याला ताजी हवा लागते, म्हणून चढावर ईसीयू ईजीआर जवळजवळ बंदच ठेवतो. झडप मिटलेली असताना सिग्नल तुटत असेल, तर काजळीपेक्षा वायरिंगवर माझा संशय अधिक आहे, कारण जोर लागला की इंजिन आपल्या माउंटिंगवर थोडे कलते आणि हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, ताणला जातो.

आता कोड पुसण्यापूर्वी फ्रीझ फ्रेम अवश्य लिहून घ्यावी. कोड नोंदला गेला त्या क्षणीचे आरपीएम, भार, वेग आणि कूलंटचे तापमान तिच्यात असते, आणि कोड पुसला की तीही पुसली जाते. त्यानंतर इंजिन थंड असताना, इग्निशन चालू आणि इंजिन बंद ठेवून, मल्टीमीटरने सेन्सरच्या तीन तारा तपासाव्यात. एका तारेवर ५ व्होल्ट मिळायला हवेत, दुसरी अर्थिंगची असते आणि तिसरी सिग्नलची. झडप मिटलेली असताना सिग्नल साधारण ०.५ ते १ व्होल्ट असतो आणि ती उघडत जाईल तसा तो ४ व्होल्टच्या पुढे जातो. काही गाड्यांत हा क्रम उलटा असतो, म्हणून आपल्या मॉडेलचे आकडे मिळवावेत. मीटर लावलेला असतानाच हार्नेस वीतभर अंतराने हाताने हलवत जावे. आकडा तिथे कोसळला, तर दोष तारेत आहे. तारा स्वस्थ असूनही झडप हलवताना आकडा मध्येच तुटला, तर मात्र सेन्सर गेला असे समजावे. तो बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या अंगचाच असल्याने मग व्हॉल्व्ह बदलणे रास्त ठरेल.

पत्रा बसवू नये, ही कळकळीची विनंती. परत फिरलेल्या धुरामुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. डिझेल गाडीच्या पीयूसीत केवळ धुराची दाटी मोजली जाते, त्यामुळे हे प्रदूषण कागदावर दिसत नाही, पण आपल्याच गावच्या हवेत मिसळत राहते. शिवाय सेन्सरची तार तुटलेली असेल, तर पत्र्याने दिवाही जाणार नाही.

प्रश्नकर्ता

आपल्या सांगण्याप्रमाणे रविवारी तपासणी केली. फ्रीझ फ्रेममध्ये भार ८९ टक्के आणि कूलंट ९२ अंश होते. ५ व्होल्ट आणि अर्थिंग व्यवस्थित मिळाले, सिग्नल ०.८६ होता. बॅटरीच्या ट्रेमागे हार्नेस पुढे ओढताच आकडा ०.०४ वर आला आणि सोडताच पूर्ववत झाला. टेप उकलल्यावर दिसले की ब्रॅकेटच्या धारेवर घासून सिग्नलच्या तारेचे आवरण तांदळाच्या दाण्याएवढे सोलले गेले आहे आणि आतले तांबे पत्र्याला टेकते आहे. तिथे नुसती टेप गुंडाळली तर चालेल का?

उत्तर २

नुसती टेप उष्णतेने सुटेल. सोललेला भाग कापून तार सोल्डर करावी, वर हीट श्रिंक नळी बसवावी, हार्नेसवर पन्हळी नळी चढवून तो ब्रॅकेटपासून दूर बांधावा आणि बांधताना इंजिन हलण्यापुरती ढील ठेवावी. ब्रॅकेटची धारही कानशीने मोडून घ्यावी. मगच कोड पुसून खंबाटकी चढून पाहावे.

प्रश्नकर्ता

तसेच केले. त्यानंतर घाट चार वेळा चढून झाला आहे. दिवा लागलेला नाही आणि स्कॅनरवर प्रलंबित कोडही नाही. मनःपूर्वक आभार.