मदत हवी आहे : आईचा हर-टू फिश रिपोर्ट

नमस्कार. आईच्या (वय ५८) स्तनातल्या गाठीची बायोप्सी झाली. आयएचसी तपासणीत (पेशींवरचं प्रथिन रंगवून पाहतात ती) हर-टू (कॅन्सरच्या पेशी वाढवणारं जनुक आणि त्याचं प्रथिन) '२+' आलं, म्हणजे धड पॉझिटिव्ह नाही, धड निगेटिव्ह नाही. म्हणून त्याच ब्लॉकवर (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) फिश केली, म्हणजे चमकणारे प्रोब (जनुकाला चिकटणारे डीएनएचे तुकडे) वापरून जनुकं मोजायची चाचणी. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं: हर-टू जनुकाला चिकटणारा प्रोब लाल चमकतो, १७व्या गुणसूत्राच्या मध्याला चिकटणारा हिरवा, आणि प्रत्येक पेशीतले ठिपके मोजायचे.

रिपोर्टमध्ये लाल ठिपके सरासरी ३.४, हिरवे १.६, गुणोत्तर २.१. गुणोत्तर २ च्या वर (पॉझिटिव्हकडे झुकणारं), पण लाल ठिपके ४ च्या खाली (निगेटिव्हकडे झुकणारे)! खाली नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिलंय. २०१८च्या अमेरिकन (एएससीओ-सीएपी या तज्ज्ञ संघटनांच्या) मार्गदर्शक सूचनांनुसार अशा वेळी दुसऱ्या तज्ज्ञाने किमान २० पेशी पुन्हा मोजायच्या असतात. तसा उल्लेख रिपोर्टमध्ये कुठेच नाही.

ट्रास्टुझुमॅब (हर-टूवर काम करणारं कॅन्सरचं औषध) द्यायचं की नाही हे यावरच ठरणार. आम्ही सोलापूरला असतो. पुनर्मोजणी त्याच लॅबकडे मागावी, की ब्लॉक घेऊन मुंबई-पुण्यात दाखवावा? प्रोबची चमक कालांतराने विझते म्हणे, मग जुनी स्लाइड चालेल का? इथे कुणी पॅथॉलॉजिस्ट असतील तर कृपया सांगा. आईची पुढची भेट सोमवारी आहे.