कायदा आधीही कडकच होता

'२०२३ च्या सुधारणेने आता सिनेमांची पायरसी आटोक्यात येईल' असं म्हटलं जातं, ते पटत नाही. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या त्या सुधारणेत तीन महिने ते तीन वर्षं कैद आहे, दंड किमान ३ लाख आणि निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. पण तिचा रोख थिएटरात रेकॉर्डिंग करणाऱ्यावर आणि चोरीची प्रत नफ्यासाठी दाखवणाऱ्यावर आहे. शिवाय महाराष्ट्रात याहून जालीम हत्यार आधीपासून आहे. २००९ मध्ये एमपीडीए कायद्यात, म्हणजे धोकादायक कृत्यं करणाऱ्यांना स्थानबद्ध करण्याच्या राज्याच्या कायद्यात, 'व्हिडिओ पायरेट' घातला गेला. म्हणजे झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या पंक्तीत बसवून खटल्याशिवाय वर्षभरापर्यंत स्थानबद्ध! तरी नागपुरात बर्डीच्या फुटपाथवर त्यानंतरही सीडी-डीव्हीडी विकल्या जातच होत्या. तो धंदा बसला तो मोबाइलवर डेटा स्वस्त झाल्यावर.

आता लिंक फिरते ती टेलिग्रामवर, नाहीतर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि पाठवणाऱ्याला आपण काही चोरतोय असं वाटतच नाही. मराठी सिनेमाला याचा फटका जास्त बसतो. नागपुरात कितीदा त्याला दुपारचा एखादा शो मिळतो, तोही नोकरदारांच्या वेळेत, आणि पुढच्या शुक्रवारी सिनेमा उतरलेला असतो. माझ्या ऑफिसातल्या दोघी तिकीट काढायला तयार होत्या, संध्याकाळचा शोच नव्हता. शेवटी लिंक आली आणि त्यांनी ती पाहिली. हे चूकच. पण संध्याकाळी सातचा एक शो दिला असता तर ते पैसे निर्मात्याला मिळाले असते, हेही तितकंच खरं.