गेको कुठल्या जातीचा आणि यात नर कुठला? अंडी घातलीत, लवकर सांगा प्लीज

अनघा_लेस्टर
मंडळी, आम्ही इंग्लंडात लेस्टरला असतो. मे महिन्यात ओळखीचा एक मुलगा शिक्षण संपवून परत जाताना दोन छोटे गेको (पाळीव पालीच म्हणा) टेरॅरियमसकट, म्हणजे त्यांच्या काचेच्या पेटीसकट, आमच्याकडे देऊन गेला. एक नर एक मादी म्हणाला, जात त्यालाही माहीत नव्हती. पण दोन्ही हुबेहूब सारखेच दिसतात, साडेतीन इंच असतील शेपटीसकट, मातकट रंग, पाठीवर नागमोडी पट्टे, डोळ्यातून आरपार काळी रेघ. तेव्हाच मनात शंकेची पाल चुकचुकली होती. आता काचेला दोन अंडी चिकटलेली दिसली, वाटाण्याहून थोडी मोठी. एक सोडवायला गेले तर हातातच फुटलं, फार वाईट वाटलं, मुलगा रडला. शिवाय एकीच्या मानेला दोन्ही बाजूंना पांढरे गोळे आलेत, आजार आहे का? आणि नर कसा ओळखायचा?

सरपटणारा_मित्र
अनघाताई, हा मोर्निंग (mourning) गेको वाटतो. खात्रीसाठी पारदर्शक डब्यात ठेवून खालून फोटो काढा आणि पायाचं सगळ्यात आतलं बोट झूम करून बघा. त्या बोटाला नख नसेल आणि शेपटी चपटी, कडेला बारीक झालर असल्यासारखी असेल तर हाच. आपल्या घरातल्या पालीला त्या बोटालाही नख असतं आणि शेपटीवर काट्यांसारखे उंचवटे असतात.
आणि यात नर शोधू नका, कारण ही जात मादींचीच आहे, नराशिवाय अंडी घालते आणि पिल्लं म्हणजे आईच्याच प्रती. नर क्वचित जन्मतो, तोही बहुतेक वेळा वांझ. दोन माद्या एकमेकींवर चढतात ते बघून त्या मुलाला जोडी वाटली असणार.

गेकोवाला_सांगली
पण शेपटीच्या बुडाशी दोन फुगवटे दिसले की नर हे तर सगळ्या गेकोंत चालतं ना?

सरपटणारा_मित्र
दादा, ते लेपर्ड गेको या वेगळ्या जातीला बरोबर आहे, त्यात नराला फुगवटे आणि त्यांच्या वर व्ही आकारात छिद्रांची ठळक रांग असते. त्यांच्यात तर अंडं उबवायचं तापमानच लिंग ठरवतं, २६ अंशांच्या आसपास जवळपास सगळ्या माद्या, साडेबत्तीसच्या आसपास बहुतेक नर. मोर्निंगमध्ये हा प्रश्नच येत नाही.

रेवा_के
ताई, अंडं फुटलं म्हणून मनाला लावून घेऊ नका, सगळ्यांचं पहिल्यांदा असंच होतं. काचेवरून सोडवायचंच नसतं. छोट्या प्लास्टिकच्या कपाला बारीक भोकं पाडा आणि अंड्यावर उपडा ठेवून चारही बाजूंनी टेप लावा, म्हणजे मोठ्या माद्या पिल्लाला खाणार नाहीत आणि पिल्लू फटीतून पळणार नाही. साधारण दोन ते तीन महिने लागतात. दिवसा २४ ते २८ अंश ठेवा, रोज संध्याकाळी पाणी फवारा.
मानेचे गोळे दोन्ही बाजूंना सारखे असतील तर तो कॅल्शियमचा साठा, अंडी घालणाऱ्या मादीत नेहमी दिसतो. एकच बाजू फुगली किंवा खाणं सोडलं तर मात्र व्हेटकडे न्या. खाण्याच्या किड्यांवर कॅल्शियमची पावडर न चुकता टाका, पिल्लांना बिनपंखी फळमाश्या लागतात.
अजून एक, कळकळीने सांगते. दर काही आठवड्यांनी दोन-दोन अंडी येत राहतात आणि वर्षभराच्या आत पिल्लंही अंडी घालायला लागतात. पिल्लं कुणाला द्यायची ते घर ठरलेलं नसेल तर नवीन अंडी घातल्याबरोबर गोठवून टाका, नंतर नाही. आणि बाहेर सोडू तर नकाच, थंडीत मरतील.

अनघा_लेस्टर
खूप खूप आभार दोघांचे! बघितलं, आतल्या बोटाला नख नाहीये, गोळेही दोन्हीकडे सारखेच आहेत. उरलेल्या अंड्यावर दह्याचा छोटा कप लावला. रात्री मोबाईलचा टॉर्च मागून धरला तर आत गुलाबी शिरा दिसल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. मुलगा दहा मिनिटं काचेसमोरून हलला नाही. तो लहान आहे, पण अंडी गोठवायचं त्याला खरं सांगू का, की आधी आम्हीच ठरवू?

रेवा_के
खरंच सांगा. आणि या अंड्याला हात लावू नका आता, शिरा दिसल्यात म्हणजे आत जीव आहे.