चर्चा धागा: घरच्या स्टुडिओत कीबोर्डसाठी रॅक मिक्सर म्हणजे भंगार?

गंगापूररोडकर
काल एकाने लिहिलं, "कीबोर्डसाठी रॅकमधला लाइन मिक्सर, म्हणजे वाद्यांचे आवाज एकत्र करणारा डबा, ठेवणं म्हणजे भंगार जपणं. आठ इनपुटचा, कॉम्प्युटरला जोडायचा ऑडिओ इंटरफेस घ्या आणि मोकळे व्हा." डोकंच फिरलं. अहो, माझ्याकडे चार कीबोर्ड, चारही स्टिरिओ. आठ लाइन तिथेच संपल्या. तालाचा ऑक्टापॅड काय डोक्यावर लावू? बेहरिंगरचा आरएक्स१६०२ पावणेदोन इंच उंचीत आठ स्टिरिओ जोड्या घेतो. माइक प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा) नाही, इक्यू (टोन बदलायची बटणं) नाही. नकोच आहेत! कीबोर्ड लाइन लेव्हल, म्हणजे पुरेसा मोठा सिग्नल देतो, टोन त्याच्या आतच घडवायचा. सकाळी रियाजाला बसलो की एक स्विच दाबायचा. कॉम्प्युटर नाही, ड्रायव्हर नाही, ऐन वेळी सुरू होणारं अपडेट नाही.

सिडको_मिडी
तो "एक" मीच. रियाज करा की, कोण अडवतंय? पण रेकॉर्डिंगचं काय? तुमच्या डब्यातून शेवटी दोनच चॅनेल बाहेर येतात. पियानो आणि स्ट्रिंग्स एकदा कालवल्या की "स्ट्रिंग्स जरा खाली घ्या" म्हणणाऱ्या गायकाला काय उत्तर देणार? इंटरफेसला एडीएटी (डिजिटल आवाजाचं सॉकेट) असेल तर आठ इनपुटचा आणखी एक डबा जोडून एका ऑप्टिकल वायरवरून ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगला आणखी आठ चॅनेल मिळतात. लावा तिथे ऑक्टापॅड. शिवाय ती घूं! एका मित्राकडे असाच रॅक मिक्सर आहे. कोणता ते सांगत नाही, पण कान किटले.

सोल्डरवाले काका
घूं मिक्सरची नव्हे, घराच्या वायरिंगची. मिक्सर एका स्विचबोर्डावर, कॉम्प्युटर दुसऱ्या. दोन्हीकडच्या अर्थिंगच्या व्होल्टेजमध्ये थोडा फरक असतो आणि त्याचा करंट तुमच्या जॅकच्या वायरीच्या शील्डमधून (बाहेरच्या जाळीतून) वाहतो. तीच ५० हर्ट्झची घूं. मिक्सरचे इनपुट बॅलन्स्ड (अशी घूं गाळणारे) असले तरी बहुतेक कीबोर्डचं आउटपुट अनबॅलन्स्ड, मग फायदा किती होणार? सगळं एकाच बोर्डावरून घ्या. तरी राहिली तर मिक्सर आणि इंटरफेसच्या मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका, तो तारेचा थेट जोड तोडून फक्त आवाज पुढे नेतो.

नाशिकरोड_ऑर्गन
एवढं कशाला? मी प्लगची मोठी, अर्थिंगची पिनच काढून टाकली. घूं बंद. फुकटात काम.

सोल्डरवाले काका
शाबास! आतली फेज बॉडीला टेकली की तूही फुकटात बंद होशील. ती पिन शोभेला दिलेली नाही.

नाशिकरोड_ऑर्गन
काका, घाबरवू नका. ऑर्केस्ट्रात सगळे हेच करतात.

सोल्डरवाले काका
सगळे करतात म्हणून वीज सोडून देत नाही. पंचवटीत आमच्या वाड्यात अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेलं होतं. पुढे नळ प्लास्टिकचे झाले, वायर तिथेच लोंबकळत राहिली. कोणाच्या लक्षातही नाही. भाडेकरूच्या मुलाला फ्रिजचा झटका बसला तेव्हा सगळे जागे झाले. मुलगा वाचला, नशीब.

इंदिरानगरची_मीनल
आमच्या नव्या बिल्डिंगची पण तीच कथा. तीन पिनांचे चकचकीत सॉकेट, मागे अर्थची वायरच नाही. बिल्डर म्हणे "सोसायटीला विचारा", सोसायटी म्हणे "बिल्डरला विचारा". दोन पिनांच्या अडॅप्टरवर कीबोर्ड लावला की जॅकच्या धातूला झिणझिण्या येतात. हे नॉर्मल आहे का?

सोल्डरवाले काका
स्विचिंग अडॅप्टर असेल तर थोडी गळती त्याच्या कपॅसिटरमधून येते, झिणझिण्या तिच्याच. चटका बसत असेल तर मात्र अडॅप्टर बदला.

पेटीवाला_पंचवटी
धागा कीबोर्डचा आहे की वायरमनचा? आणि घ्या कितीही मिक्सर, वाजवायचं कुठे? मंडळांना कीबोर्डवाला नकोच आहे, पेनड्राइव्ह पुरतो. आमचे रेट ऐकून लोक हसतात.

सिडको_मिडी
हे मात्र खरं. पण मूळ प्रश्नाला बगल दिली सगळ्यांनी. कालवलेल्या स्ट्रिंग्सचं काय, गंगापूररोडकर?

गंगापूररोडकर
कोण कालवतंय? वाजवताना फक्त मिडी, म्हणजे कोणती पट्टी कधी दाबली एवढंच, नोंदवतो. गाणं पक्कं झालं की एकेका कीबोर्डला तोच मिडी पाठवून त्याचा आवाज वेगळा उतरवतो, बाकीच्यांची लेव्हल शून्य. दोन चॅनेलवर सगळं वेगळं मिळतं.

सिडको_मिडी
म्हणजे चार पास. वेळ चौपट!

गंगापूररोडकर
माझ्याच घरात बसलोय, मीटर कोणाचं पडतंय?

सिडको_मिडी
बरं बाबा, रियाजाला आणि रिकामटेकड्यांना मिक्सर चालेल. पूर्ण बँड एकदम घ्यायचा असेल तर माझ्याकडे या. चहा फुकट, चॅनेल सोळा.

नाशिकरोड_ऑर्गन
काका, ते पिनचं... आता काय करू?

सोल्डरवाले काका
नवा प्लग लाव. सॉकेट वायरमनकडून तपासून घे, स्वतः हात घालू नको. तो फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावेल. दिवा मंद पेटला तर अर्थिंगचा खड्डा बघावा लागेल. ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडला तर घाबरू नको, तो त्याचं काम करतोय.

नाशिकरोड_ऑर्गन
वायरमन रविवारी येतो म्हणाला. कुठल्या रविवारी ते नाही सांगितलं.